कमळीच्या आंब्यामागची भिंत

मी कॉलनी सोडली त्या दिवशी बाबांची पहिली पाळी होती. त्यांनी रजा काढली नाही. सकाळी सहाच्या आत खाकी शर्ट घालून, डबा घेऊन ते शिफ्टच्या बसथांब्यावर उभे होते, आणि त्याच थांब्यावर दोन बॅगा घेऊन मी स्टेशनला जाणाऱ्या रिक्षाची वाट बघत होते. बस आधी आली. एक पाय पायरीवर ठेवून बाबा वळले. "पोचलीस की फोन कर. मी आत असलो तर आईला सांग." ते समुद्राच्या बाजूच्या खिडकीशी बसले आणि मी दुसऱ्या बाजूला उभी होते, त्यामुळे बस निघाली तेव्हा मला ते दिसलेच नाहीत. दिसली फक्त बाकीच्या काकालोकांची डोकी, डुलक्या काढणारी.

'आत' म्हणजे अणुवीज केंद्रात. कॉलनीत माझ्याबरोबर वाढलेल्या आणि आता कुठे कुठे पांगलेल्या तुम्हा सगळ्यांना हे सांगायला नको. आपल्या घरांमध्ये जगाचे दोनच भाग होते, आत आणि बाहेर. वडील आत जायचे, आपण बाहेर राहायचो. तो पांढरा घुमट शाळेच्या खिडकीतून दिसायचा, किनाऱ्यावर खेळताना दिसायचा, आणि आपल्यापैकी एकानंही तो जवळून पाहिला नव्हता. बाबा तिथे पाइपफिटर होते. आंघोळ करून, तपासणीच्या यंत्रातून बाहेर पडून ते घरी यायचे, तरी आई त्यांना पुन्हा आंघोळीला पाठवायची आणि चपला दाराबाहेर काढायला लावायची. "तिथलं तिथं ठेवून येत जा," ती म्हणायची. बाबांनी ते इतकं मनावर घेतलं की तिथली गोष्टसुद्धा त्यांनी कधी घरात आणली नाही.

हैदराबादेत मी कारखान्यांच्या पाइपांचे आराखडे करणाऱ्या एका कंपनीत लागले. बाप पाइप जोडतो म्हणून लेक पाइप काढते, असं बाबांच्या गावातले लोक हसून म्हणायचे. राहायला बरकतपुऱ्यात नलिनीकाकूंच्या घराचा वरचा मजला मिळाला. काकूंचं माहेर-सासर दोन्ही नांदेडकडचं, शेतकऱ्यांचं. त्यांचे सासरे निजामाच्या काळात शिकायला म्हणून आले आणि इथलेच झाले. पहिल्या दिवशी मी जिन्यात उकिडवी बसून बिस्किटं खात होते, तर काकू खालून ओरडल्या, "अगं, काय करायलीस तिथं? खाली ये, भाकर खा. बिस्कुटावर माणूस जगतंय व्हय?"

पहिली दोन वर्षं मी फक्त वास शोधत होते. आपल्याकडे हवेलाच मीठ असतं. इथली हवा कोरडी, उन्हाळ्यात ओठ फुटायचे. इथे तलावाला सागर म्हणतात. पहिल्याच रविवारी त्या नावाला भुलून मी बसनं गेले आणि बांधावर उभी राहिले. पाण्यात मधोमध बुद्ध उभा होता, भोवती भेळ, फुगे, नावा, सगळं होतं. ओहोटीची वेळ झाली तरी पाणी जागचं हललं नाही. मला एवढं रडू आलं की शेजारच्या बाईंनी पदराचं टोक पुढे केलं आणि तेलुगूत काहीतरी विचारलं. मला एक शब्द कळला नाही, पण प्रश्न कळला.

मग हळूहळू भाषा चिकटली. मी भाजीवाल्याशी नको-होच्या जागी "नक्को" आणि "हौ" म्हणायला लागले, ऑफिसात ठीक आहेच्या जागी "सरे" म्हणायला लागले. एकदा फोनवर आईला म्हटलं, "तू उगीच परेशान होऊ नकोस," तर ती म्हणाली, "काळजी करू नकोस, असं म्हणायचीस तू आधी." आईनं पाठवलेले सुके बोंबील मी पहिल्यांदा भाजले तेव्हा काकूंनी सगळी दारं उघडली. तिसऱ्या वेळी त्यांनी ताट पुढे केलं.

आपली घरं आपली नव्हती हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक होतं. वडील निवृत्त झाले की क्वार्टर रिकामं करायचं. बाबा निवृत्त झाले आणि आईबरोबर नव्या गावात गेले. केंद्रासाठी बाबांचं जुनं गाव उठवलं तेव्हा समुद्रापासून दूर, रस्त्याकडे, सरळ आखलेल्या गल्ल्यांमध्ये सरकारनं जे प्लॉट दिले, ते नवं गाव. साठ वर्षं होत आली तरी त्याला नवंच म्हणतात. आई तिथे फार दिवस राहिली नाही. कावीळ झाली, ती पोटात नळ्या घालण्यापर्यंत गेली, आणि एका पहाटे संपलं. तेराव्यानंतर मी बाबांना घेऊन आले. ते आले, कारण नाही म्हणायला लागणारी ताकद त्यांच्यात त्या वेळी नव्हती. माझं लग्न झालेलं नाही. विषय निघाला होता, मावळला. त्यामुळे वरच्या मजल्यावर आम्ही दोघं, खाली काकू.

बाबांनी हैदराबादेबद्दल कधी तक्रार केली नाही. तीच तर पंचाईत होती. जेवायचे, पेपर वाचायचे, गॅलरीत खुर्ची पश्चिमेकडे तोंड करून बसायचे. पश्चिमेला समोरच्या घराची पाण्याची टाकी होती.

मग आपलं पहिलं युनिट कायमचं बंद झाल्याची बातमी आली. तुम्ही सगळ्यांनी ती एकमेकांना पाठवली, जुने फोटो पाठवले, कुणी रडणारे चेहरे टाकले. बाबांनी फोनवर ती दोनदा वाचली आणि चष्मा पुसला. बंद होणं म्हणजे बटण दाबणं नव्हे, हे मला तेव्हा नुकतंच कळत होतं. आधी इंधन बाहेर काढतात. मग पाणी निचरतात, नळ्या धुतात, मोजत राहतात. काही भाग वर्षानुवर्षं तसेच ठेवतात, त्यांच्यातला किरणोत्सार आपोआप उतरावा म्हणून. आणि मग कुठे एकेक भिंत, एकेक नळी कापून बाहेर काढायची. त्या कापण्याचा क्रम आधी संगणकावर बसवावा लागतो. ते काम आमच्या कंपनीकडे आलं आणि मला त्यात घातलं. सबंध नोकरीत मी बांधायची चित्रं काढली होती. हे पहिलंच, मोडायचं.

बाबांना सांगायचं मी तीन आठवडे टाळलं. पण काम अडलं. तळघरातल्या एका खोलीत एक नळी जुन्या नकाशात भिंतीतून सरळ पलीकडे जात होती. नंतरच्या नकाशात ती भिंतीला वळसा घालत होती. फोटोत फक्त वळसा दिसत होता. मग भिंतीतला तुकडा काढला की तिथेच आहे? असेल तर त्यात काय आहे? आमचे साहेब, श्रीनिवास, म्हणाले की जुन्या फिटर लोकांना विचारल्याशिवाय इथे करवत लावायची नाही. केंद्राकडून निवृत्तांची यादी आली. पहिलं नाव बाबांचं होतं.

त्या दुपारी जेवताना मी म्हटलं, "बाबा, पहिलं युनिट मोडायचं काम आमच्याकडे आलंय."

"माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"तीन आठवडे आमटीत मीठ नसतं." ते जेवत राहिले.

"जुने लोक लागणार आहेत, तळघरातल्या भिंतीतल्या एका नळीबद्दल विचारायला. यादीत तुमचं नाव पहिलं आहे."

"खोडून टाक ते," बाबा म्हणाले. ताटात हात धुतला आणि उठले. ताटात हात धुणं आमच्या घरात कधी कुणी केलं नव्हतं.

त्यानंतर पाच-सहा दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. मला रागही आला. नोकरीवरून रोज हसत येणारा माणूस, ते युनिट बंद पडलं तर एवढा का रुसावा? शेवटी काकूंनी त्यांना खाली बोलावलं, मेथी निवडायला म्हणून. मी जिन्यात होते. मला ऐकू येत होतं.

"भाऊ, पोरीवर कायला नाराज हाव?"

बाबा म्हणाले, "वहिनी, गाव मोडलं तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. आमच्या डोळ्यांदेखत भिंती पाडल्या. मग त्या जागेवर जे उभं राहिलं त्यातच मी आयुष्य काढलं, त्यालाच घर मानलं. आता ते मोडायला निघालेत, आणि कुठून मोडायचं ते मीच दाखवू?"

मेथीच्या काड्या मोडल्याचा आवाज येत राहिला.

"गाव मोडलं तवा तुमाला कुणी विचारलं होतं का?" काकू म्हणाल्या.

"नाही."

"आता विचारायलेत की. मंग सांगा. कापायला जाणारी पण कुणाची तरी लेकरं हायत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघाले, तर बाबा इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. "तुझ्या त्या चित्रात कमळीच्या आंब्यामागची भिंत आहे का?"

"कुठला आंबा?"

"चल. वाटेत सांगतो."

मेट्रोत, उभ्यानं, दांडीला धरून बाबांनी मला जे सांगितलं ते मी पंचेचाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं. केंद्रात लागले त्या पहिल्या आठवड्यात त्यांनी किनाऱ्यावरच्या काळ्या खडकावरून अंदाज घेतला होता की आपलं घर कुठे होतं. समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपांची खोली होती तिथे त्यांचं अंगण. तळघराच्या इमारतीशी कमळी नावाच्या म्हातारीचा आंबा. टर्बाइन होतं तिथे चिंचेचा उतार, आणि गेटपाशी वेस. माझे आजोबा नव्या गावात ओट्यावर बसून असायचे. केंद्रात नोकरी धरली म्हणून त्यांनी बाबांशी वर्षभर अबोला धरला होता. मग एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, "आज कुठं होतास?" बाबांना काय सांगावं कळेना. मोटारी, व्हॉल्व्ह, खोल्यांचे नंबर, यातलं आजोबांना काय समजणार? ते म्हणाले, "कमळीच्या आंब्यापाशी." आजोबांनी मान हलवली. तेव्हापासून रोज संध्याकाळी तोच प्रश्न. आज विहिरीजवळ, आज उतारावर, आज आपल्या अंगणात. आजोबा गेले, आणि मग विचारणारं कुणी राहिलं नाही.

"आम्हाला का नाही सांगितलंत?"

"तुझ्या आईला शब्द दिला होता. तिथलं तिथं." स्टेशन आलं, दार उघडलं. "आणि तुम्ही पोरं आनंदात होता. तुमचं गाव कॉलनी. केंद्राखाली आणखी एक गाव आहे हे कशाला सांगायचं?"

ऑफिसात मोठ्या पडद्यावर आम्ही त्या इमारतीचं चित्र लावलं, वरून दिसणारं, रंगीत. बाबा पाहत राहिले. त्यांना काहीच ओळखता येईना. श्रीनिवाससाहेब माझ्याकडे बघायला लागले. मग बाबा म्हणाले, "मी हे कधी वरून पाहिलेलं नाही. मला जिन्यावरून घेऊन चल."

मी चित्र माणसाच्या उंचीवर आणलं आणि जिना उतरवायला लागले. बाबा खुर्चीतून उठून उभे राहिले. "हळू. इथे डोकं वाकवायचं." मी थांबवून पाहिलं, खरंच वर आडवी नळी होती. "आता उजवीकडे. दुसरा खांब. तिसरा. थांब." त्यांनी पडद्यावरच्या भिंतीवर तळहात ठेवला. "ही. ती नळी काढली नाही. व्हॉल्व्ह गळत होता म्हणून बाहेरून नवी लाइन टाकली. भिंत जाड, तुकडा निघेना. दोन्ही तोंडं बंद केली आणि वरून प्लास्टर केलं. मी आणि आणखी एक जण. तो आता नाही."

"रिकामा होता तो तुकडा?" साहेबांनी हिंदीत विचारलं.

"नहीं साब. पूरा निचरा नहीं था. अंदर पानी होगा."

नंतरच्या नकाशात नसलेल्या, किरणोत्सारी पाण्यानं भरलेल्या त्या नळीवर चित्रातल्या क्रमाप्रमाणे करवत चालली असती. करवत धरणारी माणसं कोण असतील ते अजून ठरायचं होतं.

महिन्याभरात बाबांना जागेवर येऊन खूण करायला बोलावलं. रीतसर परवानगी, डॉक्टरांची तपासणी, सगळं झालं. मी बरोबर गेले. कॉलनीच्या रस्त्यावर गुलमोहर मोठे झाले आहेत. आपली शाळा सुरू आहे. आमच्या क्वार्टरच्या दाराला कुलूप होतं आणि खिडकीच्या गजांतून वेल बाहेर आली होती. बाबा तिथे थांबले नाहीत. मीच थांबले.

गेटवर पाससाठी अर्ज होता. 'कायमचा पत्ता' या रकान्यापाशी बाबांचं पेन अडलं. त्यांनी अर्ज माझ्याकडे सरकवला. "तूच लिही." मी बरकतपुऱ्याचा पत्ता लिहिला. त्यांनी तो वाचला आणि खाली सही केली.

आणि मग मी पहिल्यांदा आत गेले. पांढरे कपडे, बुटांवर पिशव्या, छातीला किरणोत्सार मोजणारा बिल्ला. जिथून माझे वडील रोज यायचे ती जागा. यंत्रं थांबलेली होती, आमच्या पावलांचा आवाज येत होता. बाबा माझ्यापुढे चालत होते, आणि जिन्यात त्या आडव्या नळीपाशी त्यांनी मागे न बघता माझ्या डोक्यावर हात ठेवून मला वाकवलं. मी लहान असताना ते असंच करायचे, पत्र्याच्या शेडमध्ये शिरताना. तिसऱ्या खांबानंतर त्यांनी पान्याच्या दांड्यानं भिंतीवर ठोकलं. ठक, ठक, ठक, आणि मग एके ठिकाणी आवाज बदलला. तिथे त्यांनी लाल खडूनं गोल काढला. आम्हाला दिलेली मिनिटं संपायच्या आत आम्ही वर आलो.

आमच्याबरोबरच्या तरुण अधिकारी बाईंनी विचारलं, काका, आणखी काही बघायचंय का. बाबा म्हणाले, पंप हाऊसच्या मागे, समुद्राकडे. तिथे भरतीचं पाणी काळ्या खडकापर्यंत आलं होतं. कितीतरी वर्षांनी माझ्या ओठांवर मीठ आलं.

"हे सगळं मोडून झाल्यावर पुढे काय?" बाबांनी विचारलं.

"जागा पूर्ववत करायची, काका. योजनेत तसंच लिहिलंय."

"पूर्ववत म्हणजे कधीसारखी?"

बाई खोटं बोलल्या नाहीत. "ते मला माहीत नाही. आणि फार वर्षं लागतील. मी निवृत्त होईपर्यंतसुद्धा होणार नाही." मग त्यांनी हळूच विचारलं, "तुमचं काही होतं का इथे?"

बाबांनी बोट दाखवून त्यांना अंगण दाखवलं, विहीर दाखवली, आंबा दाखवला. बाईंनी डायरी काढली आणि तिथेच उभ्या उभ्या नकाशा काढून घेतला, बाबांनी सांगितलेल्या नावांसकट. तो त्या कुठे लावतील, लावतील की नाही, मला माहीत नाही. पण बाबांनी एकेक नाव दोनदा सांगितलं, नीट लिहिलं जावं म्हणून. परत येताना गाडीत ते खिडकीशी बसले. समुद्र दिसेनासा झाल्यावरही मान तिकडेच होती.

पुढच्या हिवाळ्यात भिंत उघडली. खूण केली होती त्याच जागी नळी होती, आणि तिच्यात पाणी होतं. आधी माहीत असल्यामुळे त्यांनी ते भोक पाडून सुरक्षित भांड्यात काढून घेतलं आणि मग नळी कापली. साहेबांनी मला फोन केला तेव्हा मी घरी होते. बाबा काकूंकडे मटार सोलत होते. ऐकून एवढंच म्हणाले, "पोरांना काही झालं नाही ना?"

"नाही."

"बरं झालं." आणि पुढची शेंग उचलली. ती त्यांनी न सोलताच दाण्यांत टाकली. काकूंनी त्यांच्या पुढ्यातली परात हळूच आपल्याकडे ओढून घेतली.

तुमच्यातले काही जण विचारतात, परत कधी येणार. मी येईन. पण आता कुठे, ते मला सांगता येत नाही. आजोबांचं गाव बाबांच्या केंद्राखाली गेलं. बाबांचं केंद्र माझ्याच पडद्यावर तुकड्या-तुकड्यानं उतरतंय, रोज एक खोली. पूर्वी मला वाटायचं घर म्हणजे आपण जिथे परत जाऊ शकतो ते. आता वाटतं, एखाद्या जागेत भिंतीमागे काय आहे हे आपल्याला माहीत असतं, आणि ते आपल्याबरोबर संपू नये असं वाटतं, तेवढं घर पुष्कळ झालं. तुमच्या वडिलांना विचारा. जे अजून आहेत त्यांना तरी.

परवा आमच्या गल्लीत पाण्याची लाइन फुटली. कामगारांनी दोन खड्डे खणले, दोन्ही कोरडे. बाबा गॅलरीतून बघत होते. मग काठी घेऊन खाली गेले. रोज पहाटे फिरताना रस्त्याचा कुठला भाग ओला असतो, पाणी आल्यावर कुठे जमिनीखालून झुळझुळ आवाज येतो, हे ते इतकी वर्षं बघत आले होते, हे मला तेव्हा कळलं. "यहाँ नहीं," ते म्हणाले, "वो शटर के सामने. दो कदम इधर." तिथे खणलं आणि हातभर खाली पाणी उसळलं. कामगारांचा मुकादम हसून म्हणाला, "अंकल, आप यहींच के हैं क्या?"

बाबांनी एकदा वर, गॅलरीत, माझ्याकडे पाहिलं.

"हौ," ते म्हणाले, आणि खड्डा पुन्हा बुजेपर्यंत, त्यातल्या पाण्याकडे बघत, तिथेच उभे राहिले.